रंभाबाईंची चूल आणि गुरुजींचा पश्चात्ताप

रविवारच्या साखरपुड्याचं बोलावणं गुरुवारी सकाळी गल्लीत फिरलं आणि दुपारच्या आत रंभाबाईंनी आपली चूल उचलून ओट्यावर आणली.

पाणी तापवायची सुटी मातीची चूल होती ती. एरवी परसात असायची. रंभाबाईंनी ती पोटाशी धरून, वाटेत दोनदा टेकवत, रस्त्याच्या अंगाला आणून ठेवली, कापसाच्या पऱ्हाट्या सारल्या, फुंकर घातली आणि भाकरी थापायला बसल्या. बऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यातली ती गल्ली एवढी अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. त्यामुळे धूर सरळ समोरच्या घरात शिरला. समोरचं घर प्रभाकर गुरुजींचं.

गुरुजी शाळेत मराठी शिकवत. गेल्या वर्षी राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिलं, आणि शाळेत येणारे सरकारी कागद हिंदीतच यायला लागले. तेव्हापासून गुरुजी रोज एक मराठी शब्द त्याच्या मुळासकट वहीत उतरवून ठेवत होते. जणू शब्दांचं सामान बांधून झालंय आणि ते कोणत्याही गाडीनं निघून जातील. त्या वेळी ते खोकत खोकत वहीवर वाकले होते.

"अहो, रंभाकाकूंनी चूल बाहेर काढली," त्यांची बायको शारदा म्हणाली.

"थंडी आहे. उन्हाला बसल्या असतील."

"उन्हाला माणूस बसतं. चूल कशाला बसेल? कडूला तुम्ही काय सांगितलं होतं?"

कडू म्हणजे गल्लीची बोलावणी करणारा म्हातारा. अंगानं काडी, पण आवाज असा की तापीवर धुणं धुणाऱ्या बाया वर बघत. बोलावणं दोन तऱ्हेचं असे. "घरटी एक" म्हणजे त्या घरातल्या एकानं जेवायला यायचं. "चूलबंद" म्हणजे सगळ्या घरानं यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. कडू प्रत्येक दारासमोर उभा राहून हे दोन-दोनदा ओरडे. त्यामुळे कुणाला काय मान मिळाला, हे त्या घराच्या आधी गल्लीला कळे.

"काकूंना घरटी एक सांगितलं," गुरुजी म्हणाले.

शारदानं हातातलं सूप खाली ठेवलं. "मी तुम्हाला चूलबंद सांगा म्हटलं होतं."

"अगं, काकू एकट्या राहतात. घरटी एक म्हटलं तरी एक, चूलबंद म्हटलं तरी एक. उत्तर एकच येतं."

"तुम्ही मराठीचे मास्तर आहात," शारदा म्हणाली. "गणित कशाला करायला गेलात?"

प्रकरण साधं नव्हतं. साखरपुडा होता गुरुजींच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा. आईवडील गेल्यावर गुरुजींनीच तिला वाढवलं होतं. मुलगा होता शाहपूरचा, पंडित नावाचा, केळीवाल्या उखर्डू पाटलांचा. आणि रंभाबाई उखर्डू पाटलांची थोरली बहीण. लग्न त्यांनीच जुळवलं होतं. रविवारी शाहपूरच्या गाड्या आधी त्यांच्याच दारात सुटायच्या होत्या.

गुरुजी टोपी घालून समोर गेले. तिथं दुरडीत भाकरींची चवड गुडघ्याएवढी झाली होती.

"काकू, एवढ्या भाकरी कुणाला?"

"चूल बंद कर असं मले कोनी सांगितलं नाही, गुरुजी. मंग पेटती ठेवाव लागते."

रंभाबाई त्यांना लहानपणापासून "अरे प्रभाकर" म्हणत. आज "गुरुजी" म्हणाल्या. घाईघाईत त्यांनी आपलं गणित समजावून सांगितलं, बोटांवर. एका घरात एक माणूस, त्यातून एक बोलावला, बाकी शून्य.

"बाकी शून्य," रंभाबाई म्हणाल्या आणि पुढची भाकरी इतक्या जोरानं थापली की ती परातीबाहेर गेली.

शुक्रवारी सकाळी गुरुजींनी कडूला पुन्हा पाठवलं. कडूनं रंभाबाईंच्या दारासमोर उभं राहून "चूलबंद हो, चूलबंद!" असं चार वेळा ओरडून सांगितलं. दोन वेळा रिवाजाचे आणि दोन वेळा दुरुस्तीचे.

"कालचं ऐकलं ना गल्लीनं?" रंभाबाईंनी विचारलं.

"ऐकलं."

"मंग ते पहिले त्याह्यच्या कानातून काढून आन, आन् मंग हे घाल."

कडू परत आला. पण त्याचं ओरडणं वाया गेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी कौतिक अर्जनवीस राहत होता. कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. घरात अकरा माणसं, आणि बोलावणं घरटी एक. कौतिकच्या बायकोनं विचार केला, चूल ओट्यावर आणली की घरटी एकचं चूलबंद होतं. तिनं चूल ओट्यावर आणली. ते बघून शेजारच्या मथुराबाईंनी आणली. संध्याकाळपर्यंत गल्लीत चार चुली रस्त्यावर पेटल्या, आणि शनिवारी सकाळी सात. धुरात समोरचं दार दिसेना. टांगेवाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच टांगा उभा केला आणि आत कुठं आग लागली म्हणून विचारलं.

गुरुजींनी बाकीच्या सहाही घरांना चूलबंद सांगून टाकलं. साठ पानांची तयारी होती, ती एकशेदहावर गेली. शारदानं गहू मोजले, मांडे भाजायच्या खापराकडे पाहिलं, आपल्या दोन हातांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मांडे करणाऱ्या बाईला कमी बोलून चालतं, लोक तिला आपणहून घाबरतात.

सहा चुली आत गेल्या. रंभाबाईंची तिथंच होती.

शुक्रवारी रात्र पडायच्या आत गुरुजींनी एक चिठ्ठीही पाठवून पाहिली होती. तोंडानं बोललं की गणित मध्ये येतं, म्हणून लिहून. "घडल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे." रंभाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कौतिकला हाक मारली. त्याची चूल तेव्हा ओट्यावरच होती आणि त्यामुळे तो स्वतः अंगणात होता.

"दिलगीर," कौतिकनं चष्मा सरसावला. "हा फारसी शब्द, बाई. दिल म्हंजे काळीज. गीर म्हंजे धरलेलं. काळीज पकडल्यासारखं झालं, असा मतलब. साक्षीदार कोर्टात आला नाही की आमी अर्जात हा शब्द टाकतो."

"मंग साक्षीदार येतो का?"

"नाही. पुढची तारीख मिळते."

"मले तारीख नको," रंभाबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी चुलीत सारली. कागद कोरडा होता, चांगला पेटला.

हे कौतिकनंच गुरुजींना येऊन सांगितलं. वर सल्लाही दिला, "मास्तर, 'खेद' लिहा. आता हिंदीच चालते."

"खेद त्यांनी ऐकलाय," आतून सुनंदा म्हणाली. "स्टेशनवर गाडी लेट असली की रोज सांगतात. दादा, तुम्ही सीधा जाऊन माफी मागून टाका ना. बात खतम."

"माफी उधार मागितल्यासारखी वाटते," गुरुजी म्हणाले. "मनातलं सांगणारा शब्द हवा."

शनिवारी सकाळी ते तो शब्द घेऊन गेले.

"काकू, मला पश्चात्ताप झालाय."

रंभाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मतलब?"

असं झालं, की दोन वर्षांत गुरुजींना कुणी शब्दाचा अर्थ आपणहून विचारला नव्हता. वर्गातही नाही. ते ओट्याच्या कडेवर बसले. त्यांचा चेहरा उजळला.

"पश्चात् म्हणजे नंतर. ताप म्हणजे जळणं. नंतरचं जळणं! संस्कृतातून तो प्राकृतात गेला, तिथं बोलून बोलून झिजला, आणि आपल्याकडे त्याचा पस्तावा झाला. तिकडे हिंदीत पछतावा झाला. म्हणजे बघा काकू, दोन्ही एकाच आईची लेकरं. आणि इथं लोक भांडतात, ही भाषा तुमची की आमची. अहो, पस्तावायची वेळ आली की दोघं एकाच घरी जातात!"

"नंतरचं जळनं," रंभाबाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर!"

"कशाच्या नंतर?"

गुरुजी थांबले. "म्हणजे… चुकीच्या."

"कोन्त्या?"

"कडूला मी घरटी एक सांगितलं, ती."

"त्याच्यात काय चुकलं?"

खरं सांगायचं तर त्यांना अजूनही ते गणित बरोबर वाटत होतं. "तुम्हाला वाईट वाटलं," ते म्हणाले.

"म्हंजे जळून मी राह्यली," रंभाबाई म्हणाल्या. "मंग तो शब्द माहा हाये, गुरुजी. तुमी कशाले घेऊन फिरता?"

गुरुजी घरी आले, तेव्हा शाहपूरहून केळी घेऊन आलेल्या गाडीवानानं निरोप आणला होता. उखर्डू पाटलांना सगळं कळलं होतं. पाटील म्हणाले होते, आमच्या आक्काची चूल पेटती असेल तर आम्ही तिच्याच घरी भाकरी खाऊ आणि परत जाऊ. ज्यानं तिला एक मोजलं, त्याच्या दारात आमची पोरं सोयरीक करणार नाहीत.

सुनंदानं ऐकलं. ती रडली-बिडली नाही. रविवारची हिरवी साडी खुंटीवर टांगून ठेवली होती, ती तिनं काढली, घडी घातली आणि पेटीत ठेवली. पेटीचं झाकण तिनं हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून. तो नसलेला आवाज गुरुजींना सगळ्या दुपारभर ऐकू येत राहिला.

"त्यांना शब्द नकोय हो," शारदा खापरावरून न उठता म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ होतं. "तुम्हाला कळलंय का, ते हवंय. आणि तुम्हाला कळलेलं नाहीये."

"मग तू सांग."

"मी सांगितलं तर मला कळलंय हे कळेल त्यांना. तुम्ही जा."

गुरुजी टोपी न घालताच गेले. ओट्यावर बसले. रंभाबाई आत पीठ आणायला गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "ते भाकर उतरवा, करपन." गुरुजींनी ती बोटांनी उतरवली. बोटं पोळली.

रंभाबाई बाहेर आल्यावर ते म्हणाले, "काकू, मला खरंच कळलं नाही. तुम्हीच सांगा."

रंभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पिठाचा डबा खाली ठेवला.

"कौतिकच्या दारात कडू घरटी एक ओरडला, तं लोकाह्यनं काय समजलं? का बाकीचे दहा घरी जेवतीन. मागं मानसं हायेत. माह्या दारात घरटी एक ओरडला. मंग माह्या मागं कोन हाये?"

गुरुजींनी त्यांच्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"चूलबंद म्हटलं असतं तरी मी एकटीच आली असती. पन घर आलं असतं. हे गेले त्याले बारा वर्सं झाले. मी अजून उंबऱ्याले हळदीकुंकू लावते, सणाले तोरन बांधते, घर म्हनून राह्यते. तुमचं गनित बराबर होतं, गुरुजी. एकातून एक गेला, बाकी शून्य. तेच तं तुमी सगळ्या गल्लीले ओरडून सांगितलं."

आता मात्र गुरुजींचे कान तापले. मग गाल. मग मान. बोटं तर आधीच पोळलेली होती. वहीत लिहायला अर्धं पान लागलेला शब्द त्यांच्या अंगावर असा एका दमात चढला, आणि त्याचं मूळ संस्कृत की प्राकृत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"काकू, मी तुम्हाला मोजलं," ते म्हणाले. "मोजायला नको होतं. चुकलो."

"हे कोन्त्या वहीतलं?"

"वहीतलं नाही."

रंभाबाईंनी शेजारचा तांब्या उचलला आणि चुलीत ओतला. फस्सकन आवाज झाला, राख उडाली. गुरुजींच्या सदऱ्यावर बसली. त्यांनी झटकली नाही.

"भाकर खाय," रंभाबाई म्हणाल्या. "तीन दिवसांपासून गाई खाऊन राह्यल्या. त्याह्यलेही कटाळा आला." मग जरा थांबून, "पन प्रभाकर, एक सांगते. उखर्डूले निरोप गेलेला हाये. तो उद्या येईन, तं भांडायलेच येईन. त्याले थांबवनं आता माह्या हातात नाही."

रविवारी सकाळी शाहपूरहून पाच बैलगाड्या आल्या. गल्लीत मावल्या दोन. तीन वेशीपाशीच सोडल्या. उखर्डू पाटील फेटा बांधून पहिल्या गाडीतून उतरले आणि गुरुजींच्या दारासमोर उभे राहिले. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. मागं पंडित होता, नव्या कोटात, मान खाली. त्याच्यामागं चाळीसेक माणसं. आत एकशेदहा पानं मांडून तयार होती, मांडे एकावर एक रचलेले होते, आणि सुनंदा खिडकीआड उभी होती. साडी तिनं नेसली होती, पण पेटी उघडीच ठेवली होती.

"माह्या बहिनीले एक मोजनारा कोन हाये?" पाटलांनी विचारलं.

"उखर्डू, मिटलं ते," रंभाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"तुह्या लेखी मिटलं असंन, आक्का. माह्या लेखी नाही. बारा वर्सं झाले, तिले मागंपुढं कोनी नाही, म्हनून कोनीही काहीही ओरडन? मी हाये ना मागं! सोयरीक मंग होईन. पहिले यानं सगळ्या गल्लीपुढं सांगाव, काय चुकलं ते."

गुरुजी पुढं झाले. सांगायची त्यांची तयारी होती. त्यांनी हात जोडले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात कडू मध्ये बोलला. तीन दिवस ओरडून त्याचा आवाज बसला होता. तो नुसता घोगऱ्या स्वरात, न्यायाची बाजू घ्यावी म्हणून म्हणाला,

"पाटील, मास्तरले काहून बोलता? त्याह्यनं सांगितलं तवा मलेही वाटलं, बराबरच असंन. मागच्या साली तुमच्या नव्या घराची वास्तुक होती, तवा बऱ्हानपूरचं बोलावनं मीच केलं ना? बाईले काय सांगू म्हनून मी विचारलं. तुमीच म्हटलं, एकटीच तं हाये, घरटी एक सांगून दे."

एका बैलानं मान हलवली, त्याच्या घुंगरांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. पाटलांनी त्या बैलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते बैल त्यांनी स्वतः विकत घेतले होते, तरी पहिल्यांदाच बघत असावेत असं वाटलं.

"आक्का," ते शेवटी म्हणाले. "तू तवा काही बोलली नाही."

रंभाबाईंनी पदर नीट केला. "तू शाहपूरले राह्यतो. तिथपर्यंत चूल उचलून कशी आनू?"

कुणी हसलं नाही. गुरुजींनी जोडलेले हात सोडले. आता ते कुणाला जोडायचे, हे त्यांना कळेना. पाटील दोन पावलं पुढं आले आणि त्यांच्या कानाशी लागले.

"गुरुजी, तो तुमचा शब्द. लंबा हाये म्हने, कौतिक सांगत होता. मले एका कागदावर लिहून द्या ना."

"पाटील, त्यांना वाचता येत नाही."

"मंग तुमी काय केलं?"

"ओट्यावर बसलो," गुरुजी म्हणाले. "खरंच कळलं नाही म्हणून विचारलं. मग त्यांनी सांगितलं."

"किती वेळ लागला?"

"मला तीन दिवस. तुम्ही भाऊ आहात. तुम्हाला थोडा जास्तच लागेल."

दारातून शारदा हळूच म्हणाली, "अहो, मांडे वातड होतायत."

"होऊ द्या," गुरुजी म्हणाले.

उखर्डू पाटलांनी फेटा काढून गाडीवर ठेवला. ते समोर गेले आणि राखेच्या शेजारी, बहिणीच्या पायांपेक्षा एक पायरी खाली बसले. मांडी घालायला जागा नव्हती, त्यांनी पाय तसेच गल्लीत सोडले. पाच गाड्यांची माणसं आणि सात घरांच्या बाया धीर धरून उभ्या राहिल्या. सगळे थोरले त्या एका ओट्याकडे बघत होते, त्यामुळे पंडितनं पहिल्यांदाच मान वर करून खिडकीकडे पाहिलं, आणि खिडकी मिटली नाही.

पाटील खाली बघत काहीतरी पुटपुटले. कुणालाच ऐकू आलं नाही.

रंभाबाईंनी कान पुढं केला, ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मोठ्यानं बोल," त्या म्हणाल्या. "गल्लीले ऐकू गेलं पाह्यजे."

उखर्डू पाटलांनी खाकरून घसा मोकळा केला.